नाईकाच्या मनगटावरचं गोंदण

शेळवणे सरांची आणि माझी पहिली भेट चादरीमुळं झाली. कळंबहून बदली होऊन मी परंड्याच्या शाळेत रुजू झाले, त्याच संध्याकाळी चित्रकलेचे हे शिक्षक म्हणाले, "बाई, एवढं टोक धरा." ती चादर म्हणजे सिनेमाचा पडदा होता. चहा मिळाला, पण पडदा ताणून झाल्यावर. सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले, तरी टोक धरायला माणसं अजून अशीच पकडतात.

सरांना वेड जुन्या साहसपटांचं. जुलमी सरदारांशी लढणाऱ्या लोकनायकांचे चित्रपट ते गावाला दाखवत. उपदेशाचा त्यांना तिटकारा. आधी स्वतः शिट्टी वाजवत, मग विचारत, "पोवाड्यात बंडखोर नाईकाच्या टोळीत धनगर आहेत, तोफेवर मुसलमान गोलंदाज आहे, दोरावर चालणारे आहेत. इथं सगळे गोरेगोमटे आणि एकाच आळीतले कसे?" सुरुवातीला मला वाटे, सर रंगाचा बेरंग करतात. पुढं मीही पडद्यावर मागं उभी असलेली माणसं शोधू लागले.

त्यातला या नाईकाचाच एक चित्रपट आमच्या किल्ल्यात चित्रित झालेला. गावातली कितीतरी माणसं त्यात भालदार, घोडेवाले म्हणून राबली, पण श्रेयनामावलीत एकाचंही नाव नाही. सरांनी ती नावं घरोघर विचारून वहीत उतरवली. चित्रपट संपला की ते शाळेसारखी हजेरी घेत. नाव पुकारलं की ते माणूस "हजर!" म्हणे. माणूस हयात नसेल तर घरचं कुणीतरी म्हणे.

पहिलं नाव असे बुरुजावरून उडी मारणाऱ्याचं. ती उडी नाईकाचं काम करणाऱ्या नटाची नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेठेतल्या दिवंगत अण्णांनी ती मारली, असं त्यांच्या घरचे सांगत. त्यांचा नातू छाती फुगवून हजेरी देई. एका वर्षी तो "हजर" म्हणाला आणि मागून गोदाबाई उठल्या. डोंबारी खेळ करणाऱ्या घरातल्या, सत्तरी गाठलेल्या.

"मास्तर, ती उडी म्या मारली. गडी समदे भ्याले, म्हनून मला धोतर-फेटा नेसवला."

लोक हसले. नातू ओरडला, "मंग इतकी वर्सं कुठं व्हतीस?"

"हितंच. मला इचारलं कुनी?"

सर हसले नाहीत. "काही खूण सांगता?" त्यांनी विचारलं. गोदाबाईंनी डावं मनगट पुढं केलं. त्यावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. सरांनी उडीचा प्रसंग पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला. पडद्यावर नाईकाचे हात पसरलेले, आणि डाव्या मनगटावर तेच वृंदावन. आम्ही इतकी वर्षं शिट्ट्या मारत होतो, त्या या बाईंच्या उडीला.

सर वही घेऊन त्यांच्यापर्यंत चालत गेले. "चूक माझी," सगळ्यांदेखत म्हणाले. "सिनेमावाल्यांनी कुणाला वगळलं ते मी विचारत फिरलो, आणि तुमच्या दाराशी आलो नाही." मग त्यांनी अण्णांचं नाव खोडून गोदाबाईंचं लिहिलं.

खरं म्हणजे नावं विचारायला आम्ही घरं वाटून घेतली होती आणि गोदाबाईंची वस्ती माझ्या वाट्याची होती. "तिकडं कोण असणार?" म्हणून मीच अर्ध्या वाटेवरून परतले होते. सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी आजवर ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी इथं सांगते. मला आजही त्याची लाज वाटते.

नातू रुसला. सर दर रविवारी त्याच्या दुकानात जाऊन मुकाट्यानं बसत. अण्णांनी खाली घोडा धरला होता, हे शेवटी गोदाबाईंनीच सांगितलं आणि ते नाव घोडेवाल्यांत गेलं. आता गोदाबाईंना खुर्ची तोच आणून देतो.

यंदा सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समारंभात हजेरी गोदाबाई घेणार आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण सगळी नावं पाठ आहेत. पहिलं नाव त्यांनी स्वतःच ठरवलंय, सरांचं. वर दमही दिलाय, "मास्तर, आवाज खणखणीत येऊ द्या, न्हायतर गैरहजर लावीन!"

सर, गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या. वहीतले पुष्कळ रकाने अजून नावांवाचून कोरे आहेत. राहिलेल्या घरांना मी जाते, पूर्ण वाट चालून. तुम्ही एवढंच करा, यंदा आणि पुढची कितीतरी वर्षं तुमचं नाव पुकारलं जाईल, तेव्हा "हजर" तुम्हीच म्हणा. घरच्या कुणावर ती वेळ येऊ देऊ नका.