चाळणीवरची गाडी

लॅपटॉपच्या पाठीला काका उलटा हात लावून बघत, लेकराचा ताप बघतात तसा. मग मान हलवून म्हणत, "गाडी तापली. उतरा, चहा घ्या." पडद्यावर भरधाव पळणारी बस रस्त्याच्या कडेला घेऊन ते थांबवत. तिच्यातून उतरायला कोणीच नसे. खोलीत मी असायचो आणि काकू असायच्या. आम्ही मुकाट्याने चहा घ्यायचो.

मलकापुरात आमच्या गल्लीत त्यांना सगळे डायवरसाहेब म्हणत. मी काका म्हणायचो. उभी हयात त्यांनी लाल बस चालवली. मुलाने कॉलेजात असताना गेम खेळायला एक जाडजूड लॅपटॉप घेतला होता. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो लॅपटॉप जुन्या सायकलीसारखा घरी येऊन पडला. त्यात बस चालवायचा एक गेम होता. तो काकांना सापडला आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे घरात डेपो आला.

मी शाळेत संगणक शिकवतो. त्यामुळे गल्लीच्या मते ज्याला ज्याला वायर आहे, ते माझं खातं. मिक्सर बंद पडला की मास्तर, मीटर जळालं की मास्तर. तुमच्याही गल्लीत असा एखादा फुकटचा जाणकार असेलच. काकांनी बोलावलं तेव्हा लॅपटॉप गादीवर, गोधडीत रुतून बसला होता आणि मधेच बंद पडत होता. मी म्हटलं, "काका, याच्या पोटाखालून हवा खेळली पाहिजे. मऊ जागेवर ठेवू नका."

"म्हंजे रेडिएटर खाली हाये," काका म्हणाले. "सांगाव नं मंग."

संध्याकाळी गेलो तर लॅपटॉप गहू चाळायच्या चाळणीवर विराजमान. चाळणी दोन विटांवर. काकू दारातच भेटल्या. "पाहा मास्तर, माह्या चाळणीवर गाडी उभी केली ह्यायनं. आता गहू काय डोक्यावर चाळू?" शेवटी तह झाला. सकाळी चाळणी काकूंची, दुपारनंतर डेपोची.

काकांची निगा बघण्यासारखी होती. हात धुतल्याशिवाय कोणी बटणाला बोट लावायचं नाही. चिवडा खाऊन तर खोलीतही यायचं नाही. दर आठवड्याला सायकलचा पंप घेऊन ते जाळीतली धूळ उडवत, तेव्हा काकू पदराने नाक झाकून बाहेर जाऊन बसत. मी जरा जोरात बटण दाबलं तर म्हणत, "मास्तर, गिअर हाये तो. खिळा नाही ठोकून राह्यले तुमी." रात्री वर धुतलेलं उपरणं घालत. स्वतःच्या अंगावर पांघरूण घ्यायला मात्र काकूंना सांगावं लागे.

गेममधले रस्ते परदेशातले. तिथे गाड्या उजवीकडून जातात आणि काका मात्र डावी बाजू सोडायला तयार नाहीत. समोरून येणारा प्रत्येक जण त्यांच्या बसवर आदळायचा. "सारेच्या सारे राँग साईडनं येऊन राह्यले बे," ते वैतागून म्हणाले. मी समजावलं की त्या देशात तसाच नियम आहे. त्यावर म्हणाले, "देश कोणताबी असो. डायवर मलकापूरचा हाये." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सेटिंगमध्ये शोधून डाव्या बाजूने चालणारा एक मुलूख काढून दिला. त्यांनी लगेच तिथल्या गावांची बारशी करून टाकली. हे मोताळा, हे राजूर, हा घाट, तो चढला की बुलढाणा. नकाशावर काय लिहिलंय ते त्यांना फारसं दिसतही नव्हतं.

तेच तर खरं दुखणं होतं. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं. नोकरी संपत आली असताना डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. स्टिअरिंग सुटलं आणि डेपोत टायर मोजायचं हलकं काम मिळालं. इकडे एक रीत आहे. डायवर ज्या दिवशी रिटायर होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. बसला हार घालतात, चाकाखाली नारळ देतात, बायको पहिल्या सीटवर बसते, आणि तो आपली गाडी शेवटची घेऊन येतो. काकूंनी त्या दिवसासाठी हिरवी साडी घेऊन ठेवली होती. काकांना शाल मिळाली ती टायरच्या ढिगापाशी उभं राहून. साडीची घडी मोडलीच नाही.

"माही शेवटची फेरी राहून गेली, मास्तर," ते म्हणाले. "डोळे तं अजून जाऊनच राह्यले. डाक्टर म्हणे, हाये तेवढे टिकवू, गेले ते येत नाहीत." मग लॅपटॉपकडे बघून हळूच म्हणाले, "याच्यावरच करून टाकतो. आखाजीले. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हाये. हात बसला पाहिजे फक्त."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. म्हातारा गंमत करत नव्हता.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात त्यांनी माती खाल्ली. मलकापूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. दुपारी भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत. काकांनी विचार केला, माणूस कूलरपुढे गार होतो तर गाडी काऊन नाही? चाळणीसकट लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी. वाळ्याचं पाणी तुषार-तुषार होऊन दुपारभर त्याच्यावर पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी पडदा काळा.

कोणाचा तरी भिजलेला मोबाईल तांदळात ठेवून बरा झाला, असं काकूंनी ऐकलं होतं. घरात तांदूळ होते जेमतेम वाटीभर, म्हणून त्यांनी तो ज्वारीच्या कोठीत पुरला. मी स्टेशनाकडच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने उघडला आणि पंख्यातून ज्वारी टेबलावर सांडली. "सर, लॅपटॉप हाये का खळं?" त्याने विचारलं. दाणे वेचून, वाळवून त्याने तो चालू करून दिला, पण बजावलं. ओल आत गेली आहे, पंखा अर्धाच फिरतो. फार तापला की बंद पडेल, आणि एकदा पडला की मग आणू नका.

मी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी गेम लावला नाही. रोज नुसता लॅपटॉप पुसायचा, हवा मारायची आणि उपरणं घालायचं. सराव बंद. पुढ्यात पोळपाट धरून त्यावर हात फिरवत ते वळणं घेत. काकू पोळपाट मागायला यायच्या आणि न मागताच परत जायच्या.

आखाजीला सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही चार शेजारी त्यांच्या खोलीत बसलो. दारात नारळ फुटला. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता. जाळी झाकू नका म्हणून मी तो जरा वर सरकवला. काकू हिरवी साडी नेसून शेजारच्या खुर्चीत बसल्या. साडीला घडीच्या रेघा तशाच होत्या.

काका निघाले. नाक पडद्याला टेकेल इतके वाकले होते. मोताळ्याला थांबले, कोणी चढलं असेल तितका वेळ थांबले, पुढे निघाले. घाट लागला आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. काकांनी डाव्या हाताचा उलटा पंजा त्याच्या पाठीला लावला आणि चटकन मागे घेतला. आता ते थांबणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण या गाडीला थांबून पुन्हा निघता येईल याचा भरवसा नव्हता, आणि त्यांना ते माहीत होतं.

काकू उठल्या. आतून सूप घेऊन आल्या आणि चाळणीच्या बाजूला उभ्या राहून वारा घालायला लागल्या.

"बसा नं तुमी. आज बसाचं असते," काका नजर न काढता म्हणाले.

"तुमी रस्ता पाहा. हवेचं माह्याकडं," काकू म्हणाल्या.

पाखडायचा हात तो. एका लयीत सूप हलत होतं, साडीचा पदर घामाने पाठीला चिकटला होता, आणि काका एकेक वळण घेत वर चढत होते. मी मनात त्या दुरुस्तीवाल्याला, त्या अर्ध्या पंख्याला आणि गल्लीच्या मारुतीला एकदमच विनवत होतो. घाट संपला. बस गावात शिरली. काकांनी ती फलाटाला अगदी सरळ लावली आणि इंजिन बंद केलं.

मग त्यांनी दोन्ही हात लॅपटॉपला लावून कपाळाला लावले. काकूंनी सूप खाली ठेवलं, कमरेचा रुमाल त्यांना दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गेलो तर चाळणीत गहू होते. लॅपटॉप उपरण्यात गुंडाळून कपाटात. मी विचारलं, "आज गाडी नाही काढली?"

"रिटायर झालो नं मी," काका म्हणाले. "रिटायर माणसानं डेपोत लुडबुड करू नये."

काका आता नाहीत. त्यांची आठवण काढायची म्हटलं की मला घाट आठवायला हवा. पण आठवतो तो त्या आखाजीनंतरचा एक दिवस. मी बसस्टँडवर उभा होतो. स्टिअरिंग सुटल्यापासून काका दुसऱ्या डायवरच्या बसमध्ये कधी बसले नव्हते. लग्नकार्याला जायचं तर रेल्वे, नाहीतर जीप. त्या दिवशी वडनेरच्या बसमध्ये खिडकीशी काकू दिसल्या. माहेरी निघाल्या होत्या. पलीकडे काका. मी खिडकीखाली जाऊन हाक मारणार, तेवढ्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

काकांची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती. बस सुटायला अजून अवकाश होता. डायवर चहाच्या टपरीवर उभा होता, आणि काका गाढ झोपले होते.