पाठीवरचे घाव

ठिणगी हे नाव बापाने ठेवलं आणि तिने ते इमानाने चालवलं. पन्नाशी गाठली तरी नाकाच्या शेंड्यावरचा राग काही खाली उतरला नाही. दगडाची शिल्पं घडवणारी बाई. कारखान्यात येणारा प्रत्येक पाहुणा हमखास ऐकवणार, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." ती म्हणायची, "घाव दगड सोसतो, पाहुण्यांना मी सोसते."

बाप पुतळे घडवायचा. धाकटीचा हात बघून त्याने तिला छिन्नी दिली, आणि थोरल्याला, म्हणजे दादाला, घासायचा दगड आणि पाण्याची बादली. बाप घडवणार, दादा घासणार. पुतळ्यावर छिन्नीची एक रेघ दिसता कामा नये, हा घरचा कायदा. त्यामुळे बाप गेला तेव्हा त्याचे पुतळे चौकाचौकात उभे होते, पण त्याचा हात कशावरच दिसत नव्हता. दिसत होता फक्त परसातल्या एका काळ्या दगडावर. त्याची एक बाजू बापाने ओबडधोबड उतरवली आणि मग अंथरूण धरलं.

त्या दगडाला ठिणगीने कित्येक वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. यंदा मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हा तिने त्यातून एक वाकून बसलेला माणूस काढला. बापाची बाजू ही त्या माणसाची पाठ. तिथे तिने छिन्नी टेकवलीसुद्धा नाही. सगळं काम त्या पाठीसाठीच होतं.

दगड न्यायला ट्रक येणार, त्याच्या आदल्या दिवशी ती प्रदर्शनाच्या हॉलमधला चौथरा बघायला गेली. जाताना दादाला म्हणाली, "धूळ तेवढी पुसून ठेव."

परत आली तर जमिनीवर काळपट चिखल, आणि पाठ अशी गुळगुळीत की दिव्याचा उजेड तिच्यावरून घसरत होता. दादा फडकं पिळत होता.

"हे काय केलंस?"

"खडबडीत राहिलं होतं. घासून टाकलं."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने बादली लाथाडली. "अक्कल गहाण टाकलीस का रे? बाबांच्या हाताची एवढी एकच खूण उरली होती जगात. तीही पुसून मोकळा झालास. उभा राहू नकोस माझ्यासमोर."

दादा हलला नाही. "माहीत होतं मला, त्यांचे घाव आहेत ते. जन्मभर तेच तर पुसले. एक रेघ राहिली की कानाखाली बसायची. एवढे घाव घेऊन दगड लोकांसमोर जाणार, ते मला बघवेना. हात आपोआप गेला."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं एकदा. तुला नाही, त्यांना. म्हटलं, मीही छिन्नी चालवून बघू का? म्हणाले, तू दगड वाया घालवशील. परत नाही विचारलं."

हे ठिणगीला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं एका छपराखाली काम केलं आणि ठाऊक नव्हतं. आता राग बापाकडे वळला, आणि बाप तर केव्हाच सुटला होता. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तिने पाठीवरून तळवा फिरवला. कुठे बोट अडकेल तर शपथ. त्यामुळे ती आणखीच चिडली.

"त्यांच्यासारखे घाव तुला येतात," दादा हळूच म्हणाला. "मार परत. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना, शहाण्या."

तिने हत्यारांच्या फळीवरून बापाची छिन्नी काढली, हातोडा काढला आणि दोन्ही दादाच्या ओल्या हातांत कोंबले.

"धर. तू मार."

"मी? अगं, वाया जाईल."

"जाऊ दे वाया. तुझे घाव मार," ठिणगी म्हणाली, "आणि पुन्हा घासलेस तर तंगडं मोडीन."