उंबऱ्यावर सांडलेला थिनर

चाकणच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये, नव्या पोरांना थिनर कसा हाताळायचा हे मीच शिकवतो. आणि घरी तोच थिनर मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून चपलांच्या रॅकमागे ठेवला होता. काय अक्कल पाजळली होती देव जाणे!

नवरात्र सुरू होतं. सेकंड शिफ्ट असल्यामुळं सकाळी वेळ होता. बायको कामावर गेलेली. म्हटलं, दसऱ्याच्या आत सेफ्टी डोअरला रंग मारून टाकू. दाराच्या आत उभा राहून ब्रश धूत होतो, तर पायाचा धक्का लागून बाटली आडवी. निम्मा थिनर माझ्या पँटवर, उरलेला उंबऱ्यावरून हॉलमध्ये.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला चौरंगावर घट बसलेला. शेजारी अखंड दिवा. त्याच्याजवळ आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली.

थिनरची वाफ जमिनीलगत सरकते, हे मी पोरांना शंभरदा सांगितलंय. तिला दिव्यापर्यंत जायला फार वेळ लागणार नव्हता. पुनावळ्यातला तिसरा मजला, बाल्कनीला मीच चोरांच्या भीतीनं जाळी ठोकून घेतलेली. बाहेर जायची वाट एकच, आणि ती ओली. आईचा पाय तिथून घसरला असता. माझी पँट भिजलेली, त्यामुळं मला दिव्याजवळ जाता येईना.

"आई, दिवा शांत कर. आत्ताच्या आत्ता."

"अरं, येडा का खुळा? पाचवी माळ हाय आज."

"थिनर सांडलाय. भडका उडंल."

"मग उचलून आतल्या खोलीत नेते की."

"नको! उचलू नको. हातातून सुटला तर?"

तिनं देवीकडं बघितलं. मग माझ्या पँटकडं. लग्न होऊन आल्यापासून दर नवरात्रात हा दिवा तिच्याच हाती होता, एकदाही गेला नव्हता. तिनं हात जोडले आणि चिमटीत वात धरली. चर्रर्र आवाज झाला.

तिला आतल्या खोलीत जाऊन दार लावून खिडकी उघडायला सांगितलं. पंखा फिरत होता तो तसाच राहू दिला, बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी बाहेर आल्या, त्यांना ओरडलो, "बेल दाबू नका, खालून पार्किंगमधली वाळूची बादली आणा!" बिचाऱ्या धापा टाकत बादली घेऊन आल्या. वाळू पसरली, थिनर मुरल्यावर पुठ्ठ्यानं पत्र्याच्या डब्यात भरली आणि पँट नि फडक्यांसकट गच्चीवर उघड्यावर ठेवली. मोरीत एक थेंब सोडला नाही. पाय साबणानं धुतले. वास पार गेल्यावरच आईनं नवी वात लावली. तिच्या बोटांना फोड आले होते.

त्या दिवशी मी शिफ्टला दांडी मारली. संध्याकाळी आरतीला गावाहून थोरला भाऊ आणि वहिनी आले. भावानं नाक वर केलं, "कसला वास येतोय रं?"

"दाराला रंग लावलाय त्यानं," आई म्हणाली. आणि मी तोंड उघडायच्या आत, "दिवा गेला दुपारी. माझा डोळा लागला, तेल संपलं."

भाऊ हळूच म्हणाला, "तुला आता झेपत न्हाई आई. पुढच्या वर्षी घट आमच्याकडं बसवू."

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायला ती खोटं बोलली, हे मला कळत होतं. आत्ता बोलू, जेवताना बोलू, ते निघताना बोलू, असं करत मी त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो. लाज वाटते सांगायला.

यंदा घट गावाला बसला. पाचव्या माळेला आम्ही तिघं गेलो. आई पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली होती. ज्योत बारीक झाली तशी ती गुडघा सावरत पुढं झाली आणि तिनं तेलाची बुधली उचलली. वहिनीनं ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. "राहू द्या आई, तुमचा डोळा लागतो."

मी शेजारीच बसलो होतो.