गुरुवारचं पाणी

जाधव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली... गाळणी आणि चहा! सरांच्या बातमीनं वेळही कशी अचूक साधली.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. नाशिकच्या आमच्या कॉलेजात सांडपाण्यावर ओझोनचा प्रयोग चालू होता. सर प्रमुख, मी नवी मदतनीस. नाल्याचं पाणी गाळायचं, त्यात ओझोन वायू सोडायचा आणि जंतू मेले का ते बघायचं. एरवी सगळे मरत, गुरुवारी मात्र ठणठणीत! मी ओझोनच्या मशीनवर खापर फोडून मोकळी झाले. ते परत पाठवायचं पत्रसुद्धा टाइप करून, सही ठोकून तयार. मशीन गेलं की प्रयोग बंद आणि माझी नोकरीही, हे रागाच्या भरात सुचलंच नाही.

“सर, पाणी तर स्वच्छ गाळलंय. मशीनच बिघडलंय.”

सरांनी काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन कोऱ्या कागदासमोर धरलं. फिकट पिवळी झाक होती. “अगं, गाळणीनं चहाची पावडर अडते. रंग अडतो का?”

मग उलगडा झाला. बुधवारी बाजार भरायचा, फेकलेला पाला नाल्यात कुजायचा आणि त्याचा अर्क पाण्यात विरघळून गुरुवारी आमच्याकडे यायचा. तो अर्कच ओझोन खाऊन टाकायचा. पहिल्या पंगतीनंच सगळं फस्त केल्यावर जंतूंच्या वाट्याला काय येणार?

पुढच्या गुरुवारी पाणी आधी कोळशाच्या थरातून सोडलं, मग ओझोन. शुक्रवारी सकाळी जंतू वाढवायच्या काचेच्या बश्या उघडल्या... एकही ठिपका नाही! एरवी घुमे असणारे सर व्हरांड्यात धावले, “या, या, बघायला या!” म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ओढून आणलं. मला रडू आवरेना. पत्र फाडायला घेतलं तर ओरडले, “फाडू नकोस, पाठकोरं आहे!”

परवा सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी दिलं. स्टीलमध्ये काही दिसत नाही म्हणून सरांनी घरात स्टीलचे पेले कधी येऊच दिले नव्हते. माठाच्या वर भिंतीला एक पिवळट पडलेला कोरा कागद टाचलेला होता.

“रोज त्याच्यासमोर धरून मगच प्यायचे,” काकू म्हणाल्या.

मी कागदाची कड उचलली. मागे माझं पत्र होतं, ‘मशीन निकामी आहे’, खाली माझी ठसठशीत सही. कागद सोडला, पेला त्याच्यासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“स्वच्छ आहे का गं?” काकूंनी विचारलं.

“हो काकू,” म्हटलं आणि प्यायले.