चढावर अडलेली जीप

ग्रीसचा वास आला की मला माझ्या पाठवणीची सकाळ आठवते. मार्गशीर्षातली थंडी होती आणि गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालं होतं. आमच्या डोंगरातल्या गावाहून मला पिंपळवंडीला न्यायला थोरल्या दिरांनी फोर व्हील ड्राइव्हची जुनी जीप आणली होती. गावाबाहेरच्या चढावर, झऱ्याच्या पाण्याने ओल्या झालेल्या तांबड्या मातीत, ती अडली. दिरांनी फोर व्हीलचा दांडा टाकला, नवऱ्याने उतरून ढकललं, तरी नुसती मागचीच चाकं जागच्या जागी फिरत राहिली. पुढच्या सीटवर बसलेल्या मला मात्र मनातून बरं वाटत होतं. आजचं जाणं टळेल, असं वाटलं. तेवढ्यात वडील खालून धापा टाकत आले. त्यांचा जन्म अशीच जीप चालवण्यात गेलेला. "पावणं, नुसता दांडा टाकून न्हाई भागत," ते म्हणाले, "पुढच्या चाकांच्या मधोमध हे हब असत्यात, ते बी हातानं फिरवून लॉक करावं लागत्यात, तवाच पुढची चाकं जोर धरत्यात." लग्नातल्या नव्या सदऱ्यानिशी ते चिखलात बसले आणि पलीकडचा हब त्यांनी झटक्यात फिरवला. मग माझ्या बाजूच्या चाकाशी आले. तिथे त्यांचा हात हबवर बराच वेळ तसाच राहिला. "बसला का, मामा?" दिरांनी विचारलं. "जाम झालाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. शेवटी खट्ट आवाज झाला आणि जीप एका दमात चढ चढून गेली. पुढे मीही तीच जीप चालवायला शिकले. त्या दिवशी माझ्या बाजूला असलेला तो हब कधीच जाम होत नाही, हे मला कळलं, तेव्हा वडील जाऊन वर्ष झालं होतं.