हिरामण गांगुर्डेची भावकी

भद्रकालीत माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहायचा मला भयंकर कंटाळा. नुसतं आडनाव लिहायचं, वाद्याला बांधायचं, संपलं. त्र्याण्णवच्या लग्नसराईत हा आळस अंगाशी आला. शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्या यादवराव गांगुर्ड्यांच्या घरी ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड पोचला. ऑर्केस्ट्रातल्या किशोर गांगुर्डेच्या हाती बँडचं क्लॅरिनेट पडलं. आणि बँडवाला हिरामण गांगुर्डे यादवरावांची पेटी खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभा. तिघंही एकाच वेळी शिव्या द्यायला आले होते. यादवरावांच्या शिव्यासुद्धा सुरात होत्या.

भांडण चहावर मिटलं. यादवराव निफाडचे, किशोर मालेगावचा, हिरामण पेठच्या डोंगरातला, नातं शून्य. तरी दर सोमवारी तिघं माझ्या बाकावर येऊन एकमेकांच्या संगीताला नावं ठेवू लागले. किशोर म्हाताऱ्या यादवरावांना मुद्दाम 'दादा' म्हणे. त्याच्या लांब केसांकडे बघत ते म्हणत, "नातं लावू नकोस बाबा, लोक खरं मानतील." हिरामण नुसता हसे.

हिरामणने तरुणपणी स्वतःच्या पसंतीने कुसाबाईशी लग्न केलं, तेव्हाच गावच्या भावकीने त्याच्याशी संबंध तोडला होता. तो त्याबद्दल कधी बोलत नसे. पण दोन हजार तीन साली त्याच्या मुलीचं, ललिताचं, विंचूरच्या मुलाशी जमत आलं आणि मुलाचे चुलते चिमाजी म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय. पन तिच्या मागं भावकी कोन? पत्रिकेत कुनाची नावं येनार ते सांगा, मग तारीख धरू."

त्या सोमवारी हिरामण चहाला शिवला नाही. "माझ्यापायी पोरीची सोयरीक मोडंल," एवढंच म्हणाला. मला त्याचा रागच आला. तो असा तोंड पाडून बसला की मला पुढे काम सुचत नाही.

"माझं नाव घाला पत्रिकेत," यादवराव म्हणाले. "खाली किशोरचं. मुलीचे काका म्हणून."

"पन ते खोटं हाय ना, गुरुजी."

"मग लग्नाच्या दिवशी खरं करू."

लग्न मखमलाबादला झालं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि यादवरावांनी धोतर खोचून आमटीची बादली उचलली. स्वतःच्या घरी पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारा माणूस! किशोर जिलब्या वाढत होता. मलाही त्यांनी भाताला जुंपलं. वऱ्हाडाच्या बँडमधलं क्लॅरिनेट इतकं बेसूर वाजत होतं की हिरामणची बोटं वळवळत होती, पण तो जागचा हलला नाही.

विंचूरच्या पोरांनी किशोरला ओळखलं. "मास्तर, होऊन जाऊ द्या एखादं गाणं!"

"आज नाही. आज मी पोरीचा काका आहे."

चिमाजींनी ते ऐकलं. ते सरळ हिरामणसमोर आले. "हे तर सगळे वाजवनारेच दिसत्यात. भावकी कुठाय तुमची?"

आता ललिताला सासरी जन्मभर हेच ऐकावं लागणार, या विचाराने माझ्या हातातला भात गार झाला. हिरामणचा चेहरा उतरला, पण त्याने मान खाली घातली नाही. "रक्ताचं कुनी नाय, पाव्हणं. हे नुसते आडनावाचे हायेत. पन सकाळपासून एक जन बसला नाय."

चिमाजींनी मांडवाबाहेर पाहिलं. तिथे चिंचेखाली त्यांचे चार सख्खे चुलतभाऊ रुसून बसले होते. पत्रिकेत नावं खाली छापली म्हणून जेवायला तयार नव्हते. वऱ्हाडातले तिघं जण त्यांची समजूत काढत होते. चिमाजींनी पुन्हा यादवरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर आमटीचे ओघळ होते.

"माझी रक्ताची ती बघा," चिमाजी म्हणाले आणि त्यांनी यादवरावांच्या हातातली बादली काढून घेतली. "बसा तुमी समदे. आता आमी वाढतो."

तिघं गांगुर्डे ओळीने बसले आणि शेवटी मी. शेकडो लग्नांत हिरामण बँडच्या गणवेशात, मांडवामागे, चुलाण्याजवळ उभ्याने जेवला होता. आज व्याही वाकून त्याला वाढत होते. दोन्ही बाजूंना दोन भाऊ घेऊन तो पोरीच्या बापासारखा मोकळेपणी रडला, आणि चिमाजी त्याच्या पानात जिलब्या वाढतच राहिले.