नखांतलं काळं

आयसीयूत मी बावीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी नातेवाइकांवर ओरडण्यात गेली. चपला बाहेर काढा, हात धुवा, पेशंटच्या तोंडात अंगारा घालू नका. सिस्टर लई तोंडाळ आहे, असं लोक बाहेरच्या बाकावर बसून म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज सांगताना माझाच मला संताप येतो.

पाच नंबरच्या बेडवर ती आली तेव्हा तिनं मान टाकलेली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, पडेगावची. जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती आणि मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, रक्त नाही. पापण्या मिटत जातात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. पण वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला तर असं माणूस बहुतेक वेळा आठवड्याभरात चालत घरी जातं. कितीतरी जणांना मी जाताना बघितलंय. म्हणून तिच्या नवऱ्याला मी छातीठोक सांगितलं, "भाऊ, रडू नका. ही वाचणार."

तो दौलताबाद रोडला एका गॅरेजात मेकॅनिक होता. मराठी आमच्यासारखंच बोलायचा. घाबरला की हिंदीत जायचा. पहिल्या दिवशी तो आत आला आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. नखांत काळं ऑइल, बोटांच्या भेगांत काळं. माझं डोकंच फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "हे हात घेऊन आत यायचं नाय. बायकोला मारायचंय का?"

"नाय सिस्टर," म्हणाला आणि बाहेर गेला. साबणानं धुऊन आला, परत पाठवला. पेट्रोलनं धुऊन आला, वास येतो म्हणून परत पाठवला. तिसऱ्या दिवशी बघते तर दगडानं घासघासून बोटांची सालं निघालेली, आणि नखांतलं काळं तरी तसंच. गॅरेजवाल्याचं ते कधी जातं का? पण मी काही ऐकून घेणारी नव्हते. हात मागं बांधून बेडपासून दोन हातांवर उभं राहायचं, अशी परवानगी दिली. त्याच दिवशी तिनं डोळे उघडले. त्याला बघून तिची बोटं चादरीवर हलली, त्याच्याकडं सरकली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच नाही म्हटलं. तो तसाच उभा राहिला.

आमचे मोठे सर रोज सकाळी राउंडला यायचे. गोरे, मऊ हात, सेंटचा वास, तर्जनीत पुष्कराजाची जाडजूड अंगठी. आयसीयूत अंगठी चालत नाही हे नव्या पोरींना मीच शिकवायचे. सर म्हणायचे, ज्योतिषानं सांगितलंय, उतरवायची नाही. सगळे हसायचे. मीही हसायचे.

चौथ्या दिवशी ते चार नंबरच्या म्हाताऱ्याजवळ थांबले. त्याच्या छातीत असला जंतू बसला होता की जवळपास कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. तशी पाटीच बेडला लावलेली होती. सरांनी उघड्या हातानं त्याची नळी सरकवली, कफ बघितला, आणि शिकाऊ डॉक्टरांशी बोलत बोलत तसेच पाच नंबरकडं वळले. हात धुवायची बाटली माझ्या हातात होती. मी पुढं केली. म्हटलं, "सर."

"हो, हो, ठेव तिकडं."

मी ठेवली. त्यांनी तिच्या पापण्या वर करून बघितल्या, त्याच बोटांनी तिच्या ओठाजवळची व्हेंटिलेटरची नळी दाबून नीट केली. म्हणाले, छान आहे, उद्या नळी काढू.

माझ्यासारख्या बाईची तेव्हा दातखीळ बसली. त्या गरिबाला बायकोला मारायचंय का म्हणून विचारणारी मी, इथं नुसतं 'सर'.

नळी काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला, नळीतून हिरवट कफ यायला लागला. लॅबचा रिपोर्ट आला: औषधांची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकापुढं आर. आर म्हणजे हे चालणार नाही. चार नंबरच्या म्हाताऱ्याचा रिपोर्टही हुबेहूब असाच होता. एकच औषध उरलं, ते मूत्रपिंडाला झोडपणारं. ते दिलं. लघवी कमी झाली, मग बंद झाली. सापाचं विष तिच्या अंगातून केव्हाच उतरलं होतं. अकराव्या दिवशी ती गेली, आणि कागदावर कारण लिहिलं: सर्पदंश. खपवलं त्या मण्यारीच्या नावावर.

सरांच्याच हातानं झालं हे मला सिद्ध करता येणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हातानं झालं असेल, माझ्याही. कुणी तपासलंच नाही. पण मी डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

कागदावर सही करायला तो आत आला. सर टेबलाशी बसून लिहीत होते. त्यानं सही केली आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पालथे धरले. बोटांवर खपल्या आलेल्या.

"सिस्टर, तुम तो रोज बोल रहे थे," तो हळू म्हणाला. "मेरे हाथ से ही गई ना वो?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर मग कुणाच्या, असं त्यानं विचारलं असतं, आणि सर तिथंच बसले होते. मी म्हणाले, "भाऊ, आता तो विचार करू नका."

त्यानं मान हलवली. मी व्हय म्हणाले, असंच त्यानं धरलं, आणि ते घेऊन तो घरी गेला.